फोन ठेवायची मुभा

नोव्हेंबर उजाडला की साताऱ्यातल्या निवृत्तांच्या घरांत एकच विषय असतो, हयातीचा दाखला. पूर्वी त्यासाठी बँकेत रांग लावून साहेबांसमोर सही करावी लागे. 2014 मध्ये 'जीवन प्रमाण' आलं आणि बोटाचा ठसा देऊन, पुढे नुसता चेहरा दाखवूनही घरबसल्या दाखला देता येऊ लागला. गुडघ्यांनी बेजार झालेल्या माणसाची पोवई नाक्यापर्यंतची खेप वाचली, ही सोय खरोखर मोठी आहे. पण हे वेळापत्रक आपल्याला जितकं पाठ आहे तितकंच फसवणाऱ्यांनाही पाठ आहे. 'तुमचा दाखला जमा झालेला नाही, संध्याकाळपर्यंत पूर्तता करा, नाहीतर पेन्शन थांबेल,' असा फोन येतो. ज्याचं घर पेन्शनवर चालतं त्याचे हातपाय हे ऐकूनच गळतात, आणि पुढचा विचार करायची ताकद तिथेच संपते.

आपल्या जिल्ह्यात अशी घरं थोडीथोडकी नाहीत. सैनिकांचं गाव म्हणून अपशिंगे मिलिटरीचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण फौजेत माणूस नाही असं गाव साताऱ्यात शोधावंच लागेल. त्यात शिक्षक, एसटीतले, पाटबंधारे खात्यातले, जिल्हा परिषदेतले निवृत्त. आयुष्यभराची पुंजी एफडीत, मुलं पुण्या-मुंबईला, आणि घरात दोन वयस्कर माणसं, एक स्मार्टफोन, कोपऱ्यात झाकून ठेवलेला एक कॉम्प्युटर. गोडोलीपासून शाहूपुरीपर्यंत कुठल्याही गल्लीत जा, हेच चित्र दिसतं.

मी शाळेत शिकवते. घरातल्या कॉम्प्युटरची आणि सगळ्यांच्या फोनची देखभाल माझ्याकडे आली, कारण नवरा आठवडाभर पुण्यात असतो आणि मी इथे असते. हे करता करता एक गोष्ट मला पक्की पटली आहे. आपल्या घरांना असलेला धोका जेवढा मशीनमधून येतो, त्याहून जास्त आपल्या भिडस्तपणातून येतो. आपली माणसं समोरच्याचा फोन मध्येच ठेवत नाहीत. त्यातून पलीकडचा माणूस एखाद्या ऑफिसातून बोलतोय म्हणाला, तर नाहीच नाही.

आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांना असा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात भाकरी करत होते. बोलणाऱ्याने सुरुवातच 'जयहिंद साहब' अशी केली. आबा खुर्चीतून उठले आणि पुढचा सगळा वेळ उभ्यानेच बोलत राहिले, मान ताठ, डावा हात पाठीशी. पलीकडचा माणूस अतिशय अदबीने बोलत होता. त्याने पेन्शनचा नंबर विचारला नाही, तो त्यानेच आबांना वाचून दाखवला. त्यामुळे आबांची खात्री पटली. मग त्याने कॉम्प्युटर सुरू करायला लावला, एक छोटासा प्रोग्राम उतरवून घ्यायला सांगितला आणि स्क्रीनवर आलेले आकडे वाचायला सांगितले. आबांनी ते फौजेत वाचतात तसे एकेक आकडा सुटा करून, खणखणीत आवाजात वाचले. शेजारी माझी लेक गृहपाठ करत होती. तिला दिसलं की आजोबांचा हात माऊसवर नाही आणि तरी स्क्रीनवरचा बाण सरकतोय. ती उठली आणि तिने राऊटरचं बटण बंद केलं.

आबा तिच्यावर रागावले. 'अगं, ऑफिसचा माणूस बोलतोय आणि मध्येच काय बंद करतेस?' फोन अजून चालूच होता. मी बाहेर आले तेव्हा ते त्या माणसाची माफी मागत होते.

त्या दिवशी पैसे गेले नाहीत. पण ती माफी माझ्या मनातून जात नाही. माझ्या सासऱ्यांनी उभी हयात शिस्तीत काढली, वरिष्ठाने विचारलं की उत्तर द्यायचं हे त्यांच्या अंगात भिनलेलं आहे, आणि नेमक्या त्याच चांगुलपणाला हात घालून कुणीतरी त्यांच्या खात्यापर्यंत पोहोचू पाहत होतं. लोक अशा वेळी 'एवढं कसं कळलं नाही' म्हणतात. मला ते मान्य नाही. कळण्याचा आणि शिक्षणाचा फारसा संबंध नसतो. घाई, भीती आणि अदब ही तिन्ही एकदम अंगावर आली की डॉक्टर-वकीलही फसतात.

ते आकडे कसले होते, हे इथे सांगायला हवं. आपल्या कॉम्प्युटरचा ताबा दुसऱ्या ठिकाणी बसलेल्या माणसाला देणारे एनीडेस्कसारखे प्रोग्राम असतात. ते मुळात वाईट नाहीत, दुरून दुरुस्ती करायला त्यांचा चांगला उपयोग होतो. पण तो नंबर सांगून परवानगी दिली की समोरचा माणूस आपल्या खुर्चीत बसल्यासारखाच असतो. रिझर्व्ह बँकेने 2019 च्या फेब्रुवारीतच बँकांना याबद्दल सावध केलं होतं. मोबाईलवर तर हे आणखी धोक्याचं, कारण स्क्रीन दिसली की आलेला ओटीपीही त्याला दिसतो, आपण तोंडाने सांगायची गरजच उरत नाही.

आम्ही घरात पहिली गोष्ट केली ती सेटिंगची नव्हती. मी आबांना म्हटलं, 'आबा, कुठल्याही ऑफिसचा फोन आला की 'मी उलट फोन करतो' एवढंच म्हणायचं आणि ठेवून द्यायचा. समोरचा रागावला तरी ठेवायचा.' त्यांना हे जड गेलं. खरा अधिकारी असला तर काय वाटेल, असं ते विचारत राहिले. मी म्हटलं, खरा असला तर तो ओळखेल की माणूस सावध आहे. उलट फोन करायचा नंबर पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्यायचा, गूगलवर शोधून घ्यायचा नाही, कारण तिथे 'कस्टमर केअर' म्हणून खोटे नंबर पेरून ठेवलेले असतात. बँका आणि सरकारी खात्यांच्या सेवेच्या फोनसाठी आता 1600 ने सुरू होणारे नंबर ठरवले आहेत आणि जाहिरातींसाठी 140 चे. हे माहीत असावं, पण नंबर खरा वाटतो म्हणून बोलत बसावं असा त्याचा अर्थ नाही. फोन ठेवायची सवय अंगात मुरली की बाकीचं अर्धं काम होऊन जातं.

दुसरं ठरलं ते आबांना मनापासून आवडलं. हल्ली माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल मशीनला करता येते. 'आई, माझा अपघात झालाय, बोलता येत नाही, या नंबरवर पैसे टाक,' असा मुलाच्याच आवाजात फोन येऊ शकतो. म्हणून घरात एक परवलीचा शब्द ठरवायचा, जो कुठेही लिहायचा नाही आणि घराबाहेर बोलायचा नाही. पहाऱ्यावरचा जवान 'थम! कौन आता है?' विचारतो तसंच हे, असं आबाच म्हणाले आणि शब्दही त्यांनीच निवडला. पुढे एकदा नवऱ्याने पुण्याहून फोन करून खरोखरच आईच्या औषधांचे पैसे एका दुकानदाराला पाठवायला सांगितले, तर आबांनी आधी शब्द विचारला. तो हसायला लागला. आबा हसले नाहीत. त्याने शब्द सांगितला, मगच पैसे गेले. मला त्या वेळी फार बरं वाटलं.

'डिजिटल अरेस्ट' नावाचा प्रकार याच अदबीवर उभा आहे. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस, मागे भिंतीवर कुठल्यातरी तपास यंत्रणेचं चिन्ह, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले किंवा तुमच्या आधारवर काळ्या पैशाचं खातं निघालं, असा आरोप. मग 'कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, घरात कुणाला सांगायचं नाही.' पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये यावर बोलून 'रुको, सोचो, एक्शन लो' असं सांगितलं. 2025 मध्ये अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आपल्या कायद्यात अशी अटक नाहीच. आबांना यापेक्षा एक बारीक मुद्दा जास्त उपयोगी पडला. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोलिसांना चौकशीला हजर राहण्याची, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 ची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही. आबांना नियम कळतो. 'सावध राहा' म्हटलं तर ते मान डोलावतात, पण 'अशी नोटीस चालतच नाही' म्हटलं तर लक्षात ठेवतात. घरातल्या प्रत्येकाला कुठली भाषा कळते, हे आपल्याला ठाऊक असतंच. त्या भाषेत सांगावं.

आणि 'घरात कुणाला सांगू नका' हे वाक्य ऐकू आलं की तो माणूस चोर आहे, याबद्दल शंका ठेवू नये. खऱ्या तपासात तुमच्या बायकोपासून लपवण्याची अट नसते.

आता कॉम्प्युटरबद्दल. आमचा डेस्कटॉप 2020 च्या लॉकडाऊनमध्ये शाळा ऑनलाइन झाल्या तेव्हा आला, तोही कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेला, जुना. तो सुरू केला की सरळ उघडायचा, पासवर्ड नाही. माझे निकालाचे तक्ते, लेकीचे गेम, आबांची बँक, नवऱ्याचं इन्कम टॅक्सचं रिटर्न, सगळं विंडोजच्या एकाच खात्यात. बहुतेक घरांत असंच असतं आणि माझ्या मते घरच्या कॉम्प्युटरची सगळ्यात मोठी कमजोरी हीच असते. कारण विंडोजमध्ये जो माणूस बसलेला असतो त्याचे अधिकार तो चालवत असलेल्या प्रोग्रामलाही मिळतात. मालकाच्या, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातून मुलाने फुकटचा गेम म्हणून काहीतरी उघडलं आणि स्क्रीनने विचारल्यावर 'हो' दाबलं, तर त्या गेमच्या पोटात असलेल्या गोष्टीला अख्ख्या मशीनचे अधिकार मिळतात. तोच गेम साध्या खात्यातून उघडला तर प्रोग्राम बसवण्याआधी स्क्रीन मालकाचा पासवर्ड मागते, आणि तो मुलाकडे नसतो.

म्हणून मी प्रत्येकाचं वेगळं, साधं खातं केलं. मालकाचं खातं वेगळं काढलं आणि ते रोजच्या कामाला मीसुद्धा वापरत नाही. आबांच्या खात्यात डेस्कटॉपवर मोजकीच चिन्हं ठेवली आणि बँकेच्या संकेतस्थळाचा दुवा जपून ठेवला, म्हणजे बँकेचं नाव गूगलवर टाकून शोधायची वेळ येऊ नये. बँकांच्या पत्त्याच्या शेवटी आता 'डॉट बँक डॉट इन' येतं. रिझर्व्ह बँकेने त्यासाठी 31 ऑक्टोबर 2025 पर्यंतची मुदत दिली होती. आबा अक्षर अक्षर लावून ते वाचतात आणि मगच पुढे जातात. या सगळ्याला एक रविवार पुरला, खर्च काही आला नाही.

अपडेटचा मात्र लोकांना कंटाळा. 'आत्ता नको' दाबत राहायचं. त्यांना मी वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसची गोष्ट सांगते. 12 मे 2017 ला तो सुटला आणि सुमारे दीडशे देशांत दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर त्याने कुलूपबंद केले. इंग्लंडमधल्या दवाखान्यांना रुग्ण परत पाठवावे लागले. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. दोन महिने उपाय समोर होता आणि लोकांनी 'आत्ता नको' दाबलं होतं. विंडोज 10 ची नेहमीची अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली. नोंदणी केली तर घरच्या ग्राहकांना सुरक्षेची अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतात. आमच्या जुन्या मशीनवर विंडोज 11 बसत नाही, म्हणून मी ती नोंदणी केली आणि मुदत संपली की त्यावर बँकेचं काम करायचं नाही, असं ठरवून टाकलं.

याच ओघात चोरीच्या विंडोजबद्दल. कॉम्प्युटर 'फॉरमॅट मारायला' दिला की अनेकदा क्रॅक केलेलं विंडोज आणि ऑफिस टाकून परत मिळतं, आणि आपणही स्वस्तात काम झालं म्हणून खूश असतो. तो क्रॅक चालवण्याआधी अँटीव्हायरस बंद करावा लागतो. बंद असताना आत दुसरं काय बसलं, हे दुकानदारालाही माहीत नसतं. ज्या मशीनवर आपण बँक उघडणार त्याचा पायाच चोरीचा असावा, हे मला कधीच पटलेलं नाही. पैसे वाचवायचेच असतील तर फुकट मिळणारं लिनक्स आणि लिबरऑफिस वापरावं. मराठी टायपिंगसुद्धा त्यात उत्तम होतं.

अँटीव्हायरसचा विषय निघाला की साताऱ्याच्या माणसाने जरा ताठ मानेने बोलावं. क्विक हील उभी करणारे कैलाश काटकर आपल्या रहिमतपूरचे. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता त्यांनी स्वतःचं दुकान काढलं, धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकले आणि दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमधले व्हायरस काढायला त्यांनी प्रोग्राम लिहिले. त्यातून कंपनी उभी राहिली. तो फ्लॉपीचा काळ होता. पीसीवरचा पहिला व्हायरस समजला जाणारा 'ब्रेन' 1986 मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिला होता आणि त्यात त्यांनी स्वतःचा पत्ता आणि फोन नंबरही घातला होता! आज कुणी पत्ता देत नाही. विंडोजसोबत येणारा डिफेंडर नीट चालू असेल आणि अपडेट होत असेल तर साध्या घराला तो पुरतो. विकतचा घ्यायचा तर जरूर घ्यावा, फक्त दोन एकदम बसवू नयेत. पण ओटीपी तोंडाने वाचून दाखवणाऱ्याला कुठलाच अँटीव्हायरस अडवू शकत नाही, म्हणून मी फोनबद्दल एवढं लिहिलं.

स्क्रीनभर लाल पाटी येऊन भोंगा वाजायला लागला आणि 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' असं आलं, तर तो व्हायरस नसतो, वेबपानावरचं चित्र असतं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. एस्केपचं बटण दाबून धरावं, नाहीच जमलं तर कॉम्प्युटर बंद करावा.

फोटोंची काळजी मला बँकेइतकीच वाटते. लेकीचं बारसं, आबांचे जुने फौजेतले फोटो स्कॅन केलेले, आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, आवाजात रेकॉर्ड केलेल्या जात्यावरच्या ओव्या. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम शिरला तर कॉम्प्युटरला जोडलेल्या हार्ड डिस्कवरचंही सगळं जातं. म्हणून आमची डिस्क कपाटात असते. ठरलेल्या दिवशी जोडायची, नक्कल घ्यायची, काढून परत ठेवायची.

पासवर्डबद्दल जुना सल्ला आता बदलला आहे, हे फार जणांना ठाऊक नाही. एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह आणि दर थोड्या दिवसांनी बदल, हा नियम अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेसाठी बिल बर यांनी 2003 मध्ये लिहिला. 2017 मध्ये त्यांनीच त्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला आणि संस्थेनेही नियम बदलले. लांबी महत्त्वाची. चार-पाच असंबद्ध मराठी शब्द रोमन अक्षरांत जोडून लिहिले की तोडायला अवघड आणि लक्षात ठेवायला सोपं. सगळ्यात भक्कम पासवर्ड ईमेलला द्यावा, कारण बाकीचे सगळे पासवर्ड 'विसरलो' म्हणून तिथूनच बदलता येतात. आणि आबांनी त्यांचे पासवर्ड वहीत लिहून गोदरेजच्या कपाटात ठेवले, तर मी त्यांना अडवत नाही. दूर कुठेतरी बसून फोन फिरवणाऱ्याचा हात आमच्या कपाटापर्यंत पोहोचत नाही. राऊटरचा मूळचा 'ॲडमिन-ॲडमिन' तेवढा बदलून घ्यावा, केबलवाला ते करून जात नाही.

लग्नसराईत आणखी एक लोण आलंय. व्हॉट्सॲपवर 'लग्नपत्रिका' म्हणून फाईल येते आणि तिच्या नावाशेवटी एपीके असतं. ते आमंत्रण नसतं, ॲप असतं. बसवलं की मेसेज वाचायची परवानगी मागतं आणि बँकेचे ओटीपी परस्पर पुढे पाठवतं. ओळखीच्या माणसाकडून आलं म्हणून विश्वास ठेवावा तर त्याचाच फोन आधी ताब्यात गेलेला असतो. वाहतूक दंडाच्या चलनाच्या, पीएम किसानच्या नावाने, 'आज रात्री वीज तोडणार' म्हणून हेच चालतं. आईंनी यावर साधा उपाय काढला. पत्रिका आली की त्या घरी फोन करतात, 'अगं, पत्रिका मिळाली, कधी आहे लग्न?' खरी असेल तर गप्पा होतात, खोटी असेल तर समोरच्याला कळतं की त्याचा फोन बिघडलाय. आणि युपीआयचं एक वाक्य त्यांना तोंडपाठ आहे. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

लेकीच्या बाबतीत मला जास्त विचार करावा लागला. ती नववीत आहे. मुलांच्या फोनवर गूगलच्या फॅमिली लिंकसारखी पालकांच्या देखरेखीची सोय घालता येते, राऊटरवर क्लाउडफ्लेअरचा 1.1.1.3 हा पत्ता टाकला की अश्लील आणि घातक संकेतस्थळं बरीचशी अडतात. हे मी केलं, तिला सांगून केलं. पण शाळेत मुलींशी बोलताना मला जे समजलं ते कुठल्या सेटिंगमध्ये मावत नाही. एखाद्या अनोळखी मुलाने फोटो मागितला, किंवा साध्या फोटोवरून बनवलेला घाणेरडा फोटो पाठवून धमकी दिली, तर मुली घरी सांगत नाहीत. का, तर सांगितल्यावर पहिली गोष्ट घडते ती म्हणजे फोन काढून घेतला जातो, दुसरी म्हणजे 'तूच काहीतरी केलं असशील.' मग ती मुलगी एकटीच धमकी देणाऱ्याशी बोलत राहते, त्याचं ऐकत राहते. त्याला नेमकं हेच हवं असतं. आबांना 'घरात सांगू नका' असं तोंडाने सांगावं लागतं, मुलींना ते न सांगताच साधतं, कारण आपण घरीच तशी व्यवस्था करून ठेवलेली असते.

म्हणून मी लेकीला शब्द दिला आहे. काहीही झालं, कुणाचाही मेसेज आला, तिने स्वतः काही पाठवलेलं असलं तरी, सांगितल्याबद्दल फोन जाणार नाही आणि आवाज चढणार नाही. तिच्या बाबांनाही तो शब्द द्यायला लावला. अशा वेळी पैसे द्यायचे नाहीत, मेसेज पुसायचे नाहीत, स्क्रीनशॉट ठेवायचे. अठराखालच्या मुलांसाठी 'टेक इट डाउन' ही सेवा आहे. त्यात फोटो आपल्याच फोनवर राहतो, त्याची फक्त अंकी खूण तयार होते आणि सेवेत सामील झालेली मोठी समाजमाध्यमं त्या खुणेवरून तो फोटो ओळखून काढू शकतात. 1098 ही मुलांची हेल्पलाइन आहे. आयटी कायद्याच्या कलम 67 ब मध्ये अल्पवयीनांचे असे फोटो बनवणाऱ्या-पसरवणाऱ्यालाच शिक्षा आहे. हे मी वर्गातही सांगते. तास संपल्यावर कुणीतरी एक मुलगी हमखास मागे थांबते.

इतकं करूनही कुणाचे पैसे जाऊ शकतात. आमच्या गल्लीतल्या काकांचे गेले, मोठी रक्कम. ते निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी काकूंनाही सांगितलं नाही, लेकीच्या सासरी कळेल म्हणून गप्प राहिले. जे दिवस शरमेत गेले तेच कामाचे होते. पैसे गेले की ताबडतोब सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करायचा. व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ सांगितली की पैसे ज्या खात्यांत उड्या मारत पुढे जातात तिथे ते रोखता येतात. पहिल्या तास-दोन तासांत सांगितलं तर हाती काही लागण्याची शक्यता असते. 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन'वर तक्रार नोंदवायची, बँकेला लेखी कळवायचं. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, आपली आणि बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि बँकेकडून त्या व्यवहाराचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भार पडत नाही. ओटीपी आपणच दिला असेल तरी, कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं असतं, म्हणून कळवायचंच.

ज्या खात्यांतून हे पैसे फिरतात ती बहुधा कॉलेजातल्या पोरांची असतात. थोड्या हजारांसाठी पासबुक आणि सिम कुणालातरी 'वापरायला' दिलेलं असतं. पुढे पोलीस आधी त्यांच्याच दारात येतात. आपल्या भागात हे होतंय आणि आईबापांना त्याचा पत्ता नसतो. मुलाच्या नावावर किती सिम आहेत, हे दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी'वर पाहता येतं. एकदा पाहावं.

काकांनी शेवटी आबांना सांगितलं. आबांनी त्यांना एका शब्दानेही बोल लावला नाही, आपल्या फोनची हकीकत मात्र सगळी सांगितली, माफी मागितल्यासकट. मग दोघं मिळून सायबर पोलीस ठाण्यात गेले. गेलेल्यातली थोडी रक्कम कुठल्यातरी दूरच्या खात्यात अडकवून ठेवलेली सापडली. ती परत मिळावी म्हणून न्यायालयात अर्ज करायचं ठरलं. अर्ज मी टाईप करून दिला, बँकेचे उतारे जोडले, वकिलांनी सही घेतली. तारखेला आबा काकांच्या बरोबर जाणार आहेत.